मास्तरांचा थेंब

मास्तरांनी उभं आयुष्य लोकांना पोहायला शिकवण्यात घालवलं आणि निवृत्तीला अजून अवकाश असताना एके दिवशी ते तलावावरून घरी आले, ते कायमचेच. राजीनामा देऊन आले होते. का, ते सांगितलं नाही.

त्या बंदिस्त, कोमट पाण्याच्या तलावावर त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. मास्तर म्हटलं की झालं. त्यांचा आवाज असा, की या टोकाला ते ‘पाय मारा!’ म्हणून ओरडले की त्या टोकाला टॉवेल गुंडाळून बसलेला माणूसही बसल्या जागी पाय हलवायला लागायचा. अशा माणसानं काम सोडलं म्हटल्यावर लोकांनी कारण आपलं आपणच शोधलं. तलावावर नवा व्यवस्थापक आला होता, त्याच्याशी मास्तरांचं वाजलं असणार. मास्तर मुळात तापट, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांची बायकोही तेच धरून चालली. मास्तरांनी ना होकार दिला, ना नकार.

पण पुढे प्रकरण चमत्कारिक होत गेलं. पोहणं सोडलं ते सोडलंच, हळूहळू मास्तर आंघोळही टाळायला लागले. न्हाणीघरात जायचे, नळ सोडायचे, आणि ओल्या टॉवेलानं अंग पुसून बाहेर यायचे.

“अहो, ही काय आंघोळ झाली?”

“पाणी टोचतं मला.”

“जन्मभर पाण्यात डुंबत होतात, तेव्हा नाही टोचलं?”

“तेव्हा नव्हतं टोचत.”

यावर माणसानं बोलायचं काय? बायकोनं मनाशी निकाल लावून टाकला. राग त्या व्यवस्थापकावर, आणि शिक्षा पाण्याला. वड्याचं तेल वांग्यावर.

त्यांना एकच मुलगी. तिला ते लहानपणापासून मासोळी म्हणत. पण अख्ख्या शहराला तरंगायला शिकवणाऱ्या माणसाची ही मासोळी पाण्याला घाबरायची. गळ्यापर्यंत पाणी आलं की बापाच्या मानेला मिठी मारून बसायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मोठी झाल्यावर तिनं जे काम पत्करलं त्याची तर घरात थट्टाच व्हायची. ती एका संशोधन संस्थेत असे पृष्ठभाग बनवायची, ज्यांवर पाणी ठरतच नाही. आई म्हणायची, “बापानं लोकांना पाण्यात ढकललं, लेकीनं पाण्यालाच ढकलून द्यायचा उद्योग काढला.”

आता हा उद्योग नेमका काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

मासोळीच्या टेबलावर हाताच्या तळव्याएवढ्या पट्ट्या असत. नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत, किंचित धुरकट दिसणाऱ्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, की कळायचं की त्या गुळगुळीत अजिबात नाहीत. त्यांवर एकाशेजारी एक असे बारीक बारीक खांब उभे असायचे, केसाच्या जाडीत कितीतरी मावतील इतके बारीक, आणि वरून पाण्याला दूर लोटणारा लेप. असल्या पट्टीवर थेंब टाकला की तो पसरत नाही. खांबांच्या टोकांवर, खिळ्यांच्या बिछान्यावर झोपलेल्या बैराग्यासारखा, आरामात बसून राहतो. खाली खांबांच्या मधे हवाच हवा. मग पट्टी जराशी कलती केली, की थेंब गोल गोटीसारखा गडगडत जातो आणि मागे ओलाव्याची रेघसुद्धा ठेवत नाही. आईला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली होती, “म्हणजे तुझी नोकरी अळवावरचं पाणी म्हण की!” आणि मासोळीला कबूल करावं लागलं होतं, की आई, अगदी तसंच आहे. अळवाच्या पानाचंच कसब आम्ही काचेवर आणतो.

त्या वर्षी मासोळी आणि तिचा सहकारी पाण्यावरून रक्तावर आले होते. हा सहकारी इतका उंच, की त्याला सगळे लंबूच म्हणत. इस्पितळात ज्या नळ्यांमधून माणसाचं रक्त फिरवतात, त्या नळ्यांना रक्त आतून चिकटतं, गोठतं. नळीच्या आतल्या बाजूला असे खांब उभारता आले तर रक्त चिकटणारच नाही, असा विचार. म्हणून ते रक्ताचे ताजे थेंब पट्टीवरून सोडून बघत. रक्त आपलंच, घेणारेही आपणच. संस्थेची रीतसर परवानगी होती. दोघांच्या बोटांना इतक्या सुया टोचलेल्या, की लंबू म्हणायचा, आता पाणी प्यायलो तर बोटांतून गळेल.

वर्षातून एकदा संस्थेत घरच्या माणसांना बोलवायची पद्धत होती. मासोळीनं आईबाबांना आणलं. मास्तर यायला राजी नव्हते. डोकं जड आहे म्हणाले. अलीकडे ते नेहमीच जड असायचं. पण आईनं शर्टाला इस्त्री करून तो हातात ठेवला, तेव्हा आले.

लंबूनं पाहुण्यांसाठी खेळ मांडला होता. एका लांब पट्टीवर शेजारीशेजारी चार वाटा आखल्या होत्या, वर एक छोटी आडवी फळी. फळीमागे चार थेंब ठेवायचे आणि फळी उचलायची, की थेंब निघाले उतारावरून.

हे पाहिलं मात्र, इतका वेळ कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे असलेले मास्तर पुढे आले.

“या तर लेन आहेत,” ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांच्या आवाजात ती जुनी धार आली होती. “कोण कोण उतरणार?”

लंबू, लंबूची बायको, मासोळी. चौथी वाट रिकामी होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मी रक्त बघितलं की आडवी होते. मला मोजू नका.”

“मी आहे ना,” मास्तरांनी बोट पुढे केलं.

मासोळी जरा कचरली. पण बाबांचा चेहरा इतका खुलला होता, की तिनं नवी सुई काढली, बोट पुसलं आणि टोचलं. थेंब लगेच आला. गडद होता. इतका गडद, की क्षणभर तिला वाटलं प्रकाशच कमी आहे खोलीत.

“तयार!” मास्तर ओरडले. शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. “आणि… जा!”

लंबूनं फळी उचलली.

तीन थेंब निघाले. लाल मणी ओघळावेत तसे, जवळजवळ बरोबरीनं, हलकेच डुलत. लंबू धावतं वर्णन करत होता, त्याची बायको टाळ्या वाजवत होती. तिघं खालच्या कडेला पोचले आणि टपटप टिपकागदावर पडले.

चौथा अजून वरच होता.

तो थांबला नव्हता. सरकत होता. पण झोपेतून उठवलेल्या माणसानं पाय ओढत न्हाणीकडे जावं तसा. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, मग एकदमच सगळ्यांच्या आलं, आणि खोलीभर हशा पिकला.

“मास्तर, तुमचा गडी अजून कपडे बदलतोय!” लंबू म्हणाला.

“दमलाय बिचारा,” त्याची बायको म्हणाली. “हवा भरायला थांबला असेल.”

आईनं संधी सोडली नाही. “आंघोळ नाही केली की असंच होतं.”

मास्तर हसले नाहीत. आयुष्यभर घड्याळ हातात धरून दुसऱ्यांना हळू म्हणणारा माणूस तो. त्यांचा मूळचाच लालसर चेहरा आणखी लाल झाला. “फाउल,” ते म्हणाले. “माझा थेंब मोठा होता. सगळ्यांचे सारखे घ्या आणि परत सोडा.”

लंबूनं बारीक नळीनं मोजून सारखे थेंब ठेवले. वाटाही बदलल्या. मास्तरांच्या वाटेवर लंबू, लंबूच्या वाटेवर मास्तर.

पुन्हा तेच. तिघं पोचले, चौथा वाटेत.

या वेळी हशा पिकला खरा, पण निम्म्यातच विझला. मासोळी हसत नव्हती. तिनं पट्टीवर हवेचा झोत मारला, पट्टी भिंगाखाली धरली, कडेपासून कडेपर्यंत पाहिली. खांब जागच्या जागी होते. कुठे ओरखडा नाही, कुठे डाग नाही. तिनं न बोलता वडिलांचं बोट पुन्हा हातात घेतलं, मग स्वतःचं टोचलं, आणि आपला थेंब अन् बाबांचा थेंब एकाच वाटेवरून, एकामागून एक सोडले. आधी तिचा. गेला. मग त्यांचा.

तो सरकताना ती बघत राहिली. तिचे कान सुन्न झाले होते. आई कुणाला तरी काहीतरी सांगत होती, ते फक्त ओठ हलल्यासारखं दिसत होतं. थेंब हळू चालायला कारणं दोनच असू शकतात, हे तिला पाठ होतं. नवशिक्यांना तीच शिकवायची ते. एक तर पट्टी बिघडलेली असते, नाहीतर थेंब. आणि पट्टी बिघडलेली नव्हती.

“लंबू,” ती हळूच म्हणाली, “हे दाट आहे.”

“दिसतंय,” तोही तितक्याच हळू म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. “पण आपली पट्टी असलं काही मोजायला बनवलेली नाही. यावरून काही म्हणता येत नाही.”

“माहीतेय.”

“तरी पण,” लंबू म्हणाला, “माझे वडील असते तर मी डॉक्टरकडे नेलं असतं.”

 घरी आल्यावर तिनं विषय काढला आणि अपेक्षेप्रमाणे भडका उडाला.

“एका थेंबावरून?” मास्तर गरजले. “तुमच्या त्या खेळण्यावर माझा थेंब हळू गेला, म्हणून मी डॉक्टरकडे जाऊ? लोक काय म्हणतील? काय झालं मास्तर? काही नाही हो, शर्यत हरलो!”

“बाबा, तुमचं डोकं रोज दुखतं.”

“वय झालंय.”

“चेहरा बघा आरशात. कधीचा असा लाल आहे.”

“तो रागानं आहे. आत्ता तर आहेच.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मघापर्यंत थट्टा करणारी आई आता लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि लेकीचा असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. “जाऊन येऊ या ना,” ती म्हणाली. “नाही निघालं काही, तर मी तुमची जाहीर माफी मागेन. आंघोळीबद्दलसुद्धा.”

“मला कुणाची माफी नको.” मास्तरांनी पाठ फिरवली.

तेव्हा मासोळी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. “बाबा, तुमच्या हाताखालचा एखादा चांगला पोहणारा अचानक हळू व्हायला लागला, तर तुम्ही काय करायचात? ओरडायचात त्याला?”

मास्तरांनी शर्टाची बाही गुंडाळायला घेतली.

“सांगा ना.”

“पाण्यातून बाहेर काढायचो,” ते नाइलाजानं म्हणाले. “खांदा बघायचो, गुडघा बघायचो. विचारायचो, काय होतंय.”

“मग मी तेच करतेय.”

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि बसले.  मग म्हणाले, “उद्या सकाळी. पण उपाशीपोटी या म्हणाले तर मी येणार नाही.”

रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई वयानं मासोळीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. बारीक चणीच्या, बोलणं तोडून, हसणं कमी. मास्तरांनी आदल्या सकाळी तपासणीला दिलेल्या रक्ताचा अहवाल त्यांच्यासमोर होता. तिघं आत गेले तेव्हा त्या तो वाचत होत्या, आणि त्यांनी वर बघितलं ते थेट मास्तरांच्या चेहऱ्याकडे, तळहातांकडे, डोळ्यांच्या पांढऱ्याकडे.

“डोकं दुखतं?”

“अधूनमधून.”

“रोज,” आई म्हणाली.

“चक्कर? कानात आवाज?”

“थोडा.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “आंघोळ केल्यावर अंगाला खाज येते? टोचल्यासारखं होतं? विशेषतः कोमट पाण्यानं?”



आईचा हात तोंडावर गेला. ती नवऱ्याकडे बघायला लागली, जणू त्यांना आजच पहिल्यांदा बघत होती. इतके दिवस तिनं ऐकलं होतं ते वाक्य, रोज ऐकलं होतं, आणि रोज त्यावर काहीतरी तिखट बोलली होती. या परक्या बाईला ते कुणी सांगितलं? कुणीच नाही. ते त्यांच्या पुस्तकातच होतं.

“पाणी टोचतं,” मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. “सुयांसारखं. मला वाटलं, मला वेड लागतंय.”

“वेड नाही. हा आजार आहे.” डॉक्टरीणबाईंनी मग सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत सांगितलं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. मास्तरांच्या मगजाला थांबायचं कुठे ते कळेनासं झालं होतं, आणि तो लाल पेशी बनवतच सुटला होता. नक्की करायला आणखी तपासण्या लागतील, पण त्यांना स्वतःला शंका नव्हती. रक्त इतकं दाट झालं होतं, की ते शिरांमधून धडपणे वाहत नव्हतं. “याला रक्ताचा कर्करोगच म्हणतात, पण—”

‘पण’च्या पुढचं आईनं ऐकलं नाही. ती खुर्चीतच बसली होती, पण मासोळीला दिसलं की ती कुठेतरी खोल चालली आहे. तिनं आईचा हात घट्ट धरला. 

“पण अतिशय हळू चालणारा,” डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगितलं. “नीट उपचार घेतले तर माणूस वर्षानुवर्षं चांगला जगतो. भीती त्याची नाही. भीती आहे गुठळीची. असलं दाट रक्त कधी कुठे अडकेल याचा नेम नसतो. मेंदूत अडकलं, तर…” त्या थांबल्या. “म्हणून आता जे विचारते त्याचं खरं उत्तर द्या. कधी हात, पाय, तोंड, काही क्षणभर लुळं पडल्यासारखं झालं होतं? बोलता येईना, दिसेना, असं काही?”

“नाही,” आई म्हणाली. “असं कधी नाही झालं.”

“झालं होतं,” मास्तर म्हणाले.

मायलेकी त्यांच्याकडे वळल्या.

मास्तर कुणाकडेच बघत नव्हते. ते समोरच्या टेबलाच्या कडेवर अंगठा घासत होते. “तलावावर. एक मुलगी होती, नवीन. खोल पाण्यात पहिल्यांदाच उतरवली होती मी तिला. मी काठावर उभा होतो. आणि उजव्या डोळ्यापुढे पडदा आला. वरून खाली. कुणी खिडकी लावून घ्यावी तसा. दुसऱ्या डोळ्यानं बघायला गेलो, तर पाण्यावरचे दिवेच दिवे. पोरगी दिसेना. मी हाका मारत होतो. ती बुडतेय की पोहतेय, मला कळत नव्हतं.”

“मग?” मासोळीनं विचारलं.

“तीच आली काठाला. हसत. म्हणाली, मास्तर, मी पोहले! तोपर्यंत डोळाही साफ झाला होता. कुणाला काही कळलं नाही.”  “दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. ज्याला दिसत नाही त्यानं काठावर उभं राहू नये.”

“अहो, आणि मला सांगितलं नाहीत?” आई म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती इतक्या हळू म्हणाली की डॉक्टरीणबाईंनीही मान खाली घातली. “मी सगळ्यांना सांगत फिरले, यांचं भांडण झालं म्हणून. त्या व्यवस्थापकाला मी रस्त्यात तोंडावर बोलले होते!”

“ते मला आवडलं होतं,” मास्तर म्हणाले. आणि त्यांच्या डोळ्यांतून एकदम पाणी यायला लागलं.

मासोळीनं बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. काय करावं तिला सुचेना. ती नुसती उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या मानेला मिठी मारली. डॉक्टरीणबाई मात्र भराभर काहीतरी लिहीत होत्या. “आज घरी जायचं नाही,” त्या म्हणाल्या. “डोळ्यापुढे पडदा येणं ही मेंदूनं दिलेली ताकीद असते. सगळ्यांना ती मिळत नाही. तुम्हाला मिळाली, त्यानंतर इतके दिवस तुम्ही हिंडत होतात. मला याचंच आश्चर्य वाटतंय.”

उपचार ऐकून आईचा विश्वास बसेना. औषधाच्या गोळ्या होत्याच, पण मुख्य म्हणजे रक्त काढायचं. दान करताना काढतात तसं, दंडाला पट्टा बांधून, पिशवीभर. पुन्हा काही दिवसांनी, पुन्हा. “जळवा लावायच्या तेवढ्या राहिल्या,” ती पुटपुटली. पण मास्तर खाटेवर आडवे झाले, पिशवी भरायला लागली, आणि ते छताकडे बघत होते ते एकदम म्हणाले, “अगं, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवलं?”

“खरंच?”

“खोटं कशाला बोलू? मघाशी इथे कुणीतरी बसलं होतं.” त्यांनी कपाळावर हात ठेवला. “ते उठून गेलं.”

ते सांगत असताना आई पिशवीकडे बघत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनं स्वतःच आधी बजावल्याप्रमाणे ती आडवी झाली. परिचारिकेनं तिला शेजारच्या खाटेवर घेतलं, आणि पडदा सारल्यावर मासोळीला दिसलं, की आईबाबा शेजारीशेजारी झोपले आहेत आणि बाबा मान वळवून आईला विचारताहेत, “आता तुझं काय काढायचं?”

तपासण्यांत डॉक्टरीणबाईंचंच खरं ठरलं. महिने गेले. मास्तरांचं रक्त आटोक्यात आलं. खाज लगेच गेली नाही, वेगळं औषध लागलं, तेही आधी लागू पडेना, मग पडलं. चेहऱ्याचा लाल रंग उतरला आणि खालून एक साधा, म्हातारा, जरा थकलेला चेहरा निघाला, तो घरच्यांना नवीनच होता. मास्तरांना स्वतःलाही.

संस्थेत मात्र गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. एका थेंबानं माणूस वाचवला, ही बातमी सगळ्या मजल्यांवर फिरली होती. वरिष्ठ उत्साहात होते. दाट रक्त ओळखणारी पट्टी! मासोळीनं नको नको म्हटलं, तरी शेवटी डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली, रुग्णांच्या परवानगीनं, नीट प्रयोग मांडले गेले. दाट रक्ताचे, पातळ रक्ताचे, धडधाकट माणसांचे थेंब, कुणाचा कोणता ते मासोळी आणि लंबू दोघांनाही न सांगता.

निकाल आला त्या दुपारी लंबू तिच्या टेबलापाशी आला आणि उभाच राहिला.

“बोल,” ती म्हणाली.

“फरक दिसत नाही. दाट रक्ताचे थेंब बाकीच्यांबरोबरच पोचतात. आगेमागे होतात, पण त्याला काही ताळतंत्र नाही.”

“असं कसं? बाबांचा तर तीन वेळा मागे पडला. वाट बदलून, थेंब मोजून. आपण डोळ्यांनी बघितलं.”

“म्हणून मी सकाळपासून तेच शोधतोय.” लंबूनं खुर्ची घेतली, पण बसला नाही. “उतार. आपण नेहमी ठेवतो तो उतार थेंबाला पुरेसा असतो. एवढ्याशा वाटेत दाट काय, पातळ काय, सगळेच घरंगळत सुटतात. उतार जवळजवळ नाहीसा केला, थेंब निघेल की नाही अशी वेळ आणली, तरच रक्ताचा दाटपणा आड येतो. तेव्हा कुठे दिसतं.”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी मी टेबल खिडकीपाशी ओढलं होतं. पाहुण्यांना उभं राहायला जागा हवी म्हणून. तिथली फरशी दुसऱ्या बाजूला झुकलेली आहे, आज पाणसळ लावून पातळी बघितली. आपला उतार तिनं जवळपास खाऊन टाकला होता. ना तुला कळलं, ना मला.” त्यानं तिच्याकडे बघितलं. “टेबल जागेवर असतं, तर तुझ्या बाबांचा थेंब आपल्या थेंबांबरोबर खाली आला असता. कदाचित पहिलासुद्धा.”

मासोळीनं त्याचं बोलणं ऐकलं आणि खिडकीकडे बघितलं. तिथे आता एक रिकामी कुंडी होती, आणि फरशी. साधी, राखाडी, कुणाच्या लक्षातही न येणारी.  डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जेवढी हादरली नव्हती तेवढी ती आता हादरली होती. तेव्हा निदान तिला वाटलं होतं, की आपल्याला काहीतरी कळलं. बाबा पहिले आले असते. ओरडले असते, बघा म्हणून. आई टाळ्या पिटत घरी गेली असती. आणि मग एखाद्या साध्या दिवशी, जिना चढताना…

“मी जरा बाहेर जाऊन येते,” ती म्हणाली.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात कुणी नव्हतं. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर बाबांनी उचलला.

“काय गं? कामावर आहेस ना?”

“हो.”

“मग?”

तिला खूप सांगायचं होतं.  “काही नाही,” ती म्हणाली. “सहज केला.”

“सहज?” मास्तर म्हणाले. “इकडे सुतार आलाय, कपाटाचं दार उलटं बसवतोय गाढव, आणि तुझी आई म्हणते तसंच छान दिसतं. मी एकटा किती ठिकाणी लढू? तुला बरं आहे ना?”

“बरं आहे, बाबा.”

“आवाज असा का येतोय?”

“इथे घुमतो आवाज.”

“बरं, ठेव मग. अहो सुतार, खाली ठेवा ते! खाली!”

फोन बंद झाला तरी तिनं तो कानापासून काढला नाही. व्हरांड्याच्या टोकाला लंबू दारातून डोकावला, तिला तसं उभं बघितलं, आणि तसाच आत गेला.